गायिका बदलली, बँडचं नाव तेच : जर्मनीच्या 'झँड्रिया'चा २०१२ चा अल्बम आणि त्यामागची गोष्ट

सायली (सिल्वासा), प्रतिनिधी : नवरात्रात आपल्याकडे ऑर्केस्ट्राच्या बॅनरवर ग्रुपचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि गाणारीचं नाव खाली, बारीक. पुढच्या वर्षी ग्रुप तोच, गाणारी दुसरी. तरी मैदानात शिरणारा माणूस पहिला प्रश्न हाच करतो, "यंदा गातंय कोण?" नाव ग्रुपचं चालतं, पण कान आवाजाकडे असतात.

हाच प्रश्न हजारो किलोमीटर लांब, जर्मनीतल्या एका मेटल बँडला पुन्हा पुन्हा विचारला गेला. बँडचं नाव झँड्रिया. सायलीत इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या शिक्षणासाठी बाहेरगावची मुलं राहायला आली, तसा मेटल हा प्रकारही इथल्या खोल्यांमधून आणि हेडफोनमधून ऐकू येऊ लागला आहे. घरच्यांना मात्र तो निव्वळ गोंगाट वाटतो. म्हणून मेटल म्हणजे काय, त्यात बाईचा आवाज कुठून आला आणि गायिका बदलल्यावर बँडचं काय होतं, याची ही माहिती.

मेटल म्हणजे नेमकं काय?

हेवी मेटल हे रॉक संगीतातलं जड वजनाचं अपत्य. त्याची सुरुवात कारखान्यांच्या गावात झाली, हे आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनवर त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि दुखू नये म्हणून पुढे तारा सैल लावू लागला. तार सैल झाली की सूर खाली जातो, आवाज जाड होतो. त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला. मेटलची सुरुवात साधारण तिथून धरतात.

या संगीतात विजेवरची गिटार मुद्दाम फाटलेल्या आवाजात वाजवतात. ड्रम जोरात आणि वेगात असतो. गाणारे बहुतेक पुरुष, आणि त्यांची पद्धत ओरडण्याची किंवा घशातून गुरगुरण्याची.

जर्मनीने हे संगीत लवकर आपलंसं केलं. हॅनोव्हरचा स्कॉर्पियन्स हा बँड १९६५ पासूनचा. सोलिंगेनचा अ‍ॅक्सेप्ट, हॅम्बुर्गचा हॅलोवीन, बर्लिनचा रामस्टाइन ही नावं जगभर ऐकली जातात. जर्मनीच्या उत्तर भागात वाकेन नावाचं जेमतेम दोन हजार वस्तीचं खेडं आहे. तिथे १९९० पासून दर उन्हाळ्यात मेटलची जत्रा भरते आणि त्या खेड्यात पाऊण लाखाच्या वर माणूस जमतो. मुंबईचा झिग्नेमा हा बँड २०११ साली तिथे वाजवून आला. दिल्लीचा ब्लडीवूड २०१९ साली गेला, तो ढोल घेऊन.

मेटलमध्ये बाईचा आवाज

जर्मन मेटलमध्ये बाई नव्हतीच असं नाही. ड्युसेलडॉर्फची डोरो पेश १९८० च्या दशकात वॉरलॉक या बँडची मुख्य गायिका होती आणि पुरुषांच्या बरोबरीने कणखर आवाजात गात होती. पण १९९० नंतर युरोपात एक वेगळाच मेळ जमला. खाली जड गिटार, मागे व्हायोलिन-कोरसचा वाद्यवृंद आणि वर बाईचा उंच, शास्त्रीय तालमीचा आवाज. याला सिंफॉनिक मेटल म्हणतात.

इथे ऑपेरा हा शब्द येतो. ऑपेरा म्हणजे पाश्चात्यांचं संगीत नाटक. त्यातली गायिका माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवते. आपल्याकडे ध्वनिक्षेपक येण्याआधीचे संगीत नाटकातले नट हेच करायचे.

फिनलंडचा नाइटविश हा या प्रकारातला सर्वांत गाजलेला बँड. त्याची गायिका तार्या तुरुनेन. ऑक्टोबर २००५ मध्ये हेलसिंकीतला मोठा कार्यक्रम संपल्यावर बँडच्या बाकीच्यांनी तिच्या हातात पत्र ठेवलं आणि तिला काढून टाकलं. तेच पत्र सगळ्या जगाला वाचायलाही दिलं. तिच्या जागी २००७ साली अ‍ॅनेट ओल्झोन आली, २०१२ साली तीही गेली. तेव्हापासून या संगीताच्या श्रोत्यांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो बँड म्हणजे गाणी लिहिणारा, दुसरा म्हणतो बँड म्हणजे गाणारी.

झँड्रियाची सुरुवात

झँड्रिया हा जर्मनीतल्या बिलेफेल्ड शहराचा बँड. गिटार वाजवणारा मार्को होयबाउम याने १९९४ साली तो काढला, मग तो मोडला आणि पुढे नव्याने उभा राहिला. बहुतेक चाली त्याच्याच. २००० साली लिसा मिडेलहाउव्ह गायिका म्हणून आल्या. त्यांचा गळा ऑपेराचा नव्हता. मऊ, जवळ बसून बोलल्यासारखा होता आणि सुरुवातीच्या गाण्यांना तो शोभला.

लिसा यांच्या आवाजात चार अल्बम निघाले. 'किल द सन' २००३ मध्ये, 'रेव्हनहार्ट' २००४ मध्ये, 'इंडिया' २००५ मध्ये आणि 'सालोमे : द सेव्हन्थ व्हेल' २००७ मध्ये. तिसऱ्या अल्बमचं नाव वाचून आपल्याकडचे लोक थबकतात, पण सतार-तबला शोधत त्याच्याकडे जाऊ नये. तो त्यांच्याच पद्धतीचा अल्बम आहे.

२००८ साली लिसा बाहेर पडल्या. २००९ च्या सुरुवातीला केर्स्टिन बिशॉफ आल्या आणि एकही पूर्ण अल्बम न करता २०१० मध्ये गेल्या. ठरलेले कार्यक्रम तर करायचे होते. तेव्हा लिसाच तेवढ्यापुरत्या परत येऊन गाऊन गेल्या. २०१० च्या अखेरीस मनुएला क्रालर यांचं नाव जाहीर झालं. त्या आधी हागार्ड या दुसऱ्या जर्मन समूहात गात होत्या, जिथे मेटल आणि शास्त्रीय वाद्यं एकत्र वाजतात.

'नेव्हरवर्ल्ड्स एंड'

मागच्या अल्बमनंतर जवळजवळ पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, 'नेव्हरवर्ल्ड्स एंड' आला. नापाम रेकॉर्ड्स या ऑस्ट्रियातल्या कंपनीने तो काढला. एकूण १२ गाणी आणि तासाभराहून जास्त वेळ. पहिलं गाणं 'अ प्रॉफसी ऑफ वर्ल्ड्स टू फॉल', शेवटचं 'द नोमॅड्स क्राउन' आणि ते शेवटचं एकटंच दहा मिनिटांच्या आसपास.

जुना श्रोता पहिल्या गाण्यातच चमकतो. कोरस उठतो, ड्रम धावतो आणि त्यावर क्रालर यांचा आवाज सरळ वर चढतो. आधीच्या झँड्रियात गाणी संथ आणि अंधारी होती. इथे सगळं मोठं आणि वेगवान झालं. 'व्हॅलेंटाइन' हे गाणं लहान आणि सुटसुटीत आहे, नव्या माणसाने तिथून सुरुवात करावी. 'द ड्रीम इज स्टिल अलाइव्ह' आणि 'अ थाउजंड लेटर्स' ही मंद गाणी आहेत. त्यांत गिटार मागे सरते आणि गळा मोकळा ऐकू येतो.

अनेक समीक्षकांनी या अल्बमची तुलना तार्याच्या काळातल्या नाइटविशशी केली. काहींनी ती कौतुक म्हणून केली, काहींनी नक्कल म्हणून. आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. साचा ओळखीचा आहे, हे कबूल. पण गळा मिळाल्यावर बँडने त्या गळ्याला पुरेल एवढं मोठं घर बांधलं, हेही खरं. लिसा यांच्या आवाजासाठी केलेली गाणी क्रालर यांच्याकडून म्हणवून घेतली असती, तर दोघींवर अन्याय झाला असता.

पट्टीचा प्रश्न

गायिका बदलणं म्हणजे फक्त माणूस बदलणं नसतं. आपल्या भजनी मंडळात बुवा बदलले की पेटीवाला विचारतो, "कुठली पट्टी?" एकाची काळी दोन, दुसऱ्याची पांढरी चार. पेटीवाला बोटं सरकवतो, तबला नव्या सुरात लावतात आणि भजन सुरू होतं.

मेटलमध्ये एवढं सोपं नाही. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी ठेवून तिच्यावर पुन्हा पुन्हा घाव घालणं, हा या संगीताचा पाया आहे. ती मोकळी तार ज्या सुरात लावली, गाणं त्याच सुराभोवती फिरतं. पट्टी दोन घरं वर न्यायची तर सगळ्या तारा नव्याने लावाव्या लागतात आणि आवाजाचं वजनही बदलतं. त्यामुळे नव्या गायिकेला जुनी गाणी बहुतेक जुन्याच पट्टीत म्हणावी लागतात. जिथे आधीचीचा गळा आरामात बसायचा, तिथे हिचा खाली बुडतो किंवा वर ताणला जातो.

म्हणजे कार्यक्रमात ती रोज दोन कामं करते. अर्धा वेळ स्वतःचं गाणं गाते आणि अर्धा वेळ दुसरीच्या मापाचे कपडे घालून उभी राहते. समोरच्या गर्दीत काही जण जुन्या आवाजासाठीच आलेले असतात. शास्त्रीय तालमीच्या गळ्याला विश्रांती लागते. दौऱ्यात मात्र लागोपाठ रात्री गायचं असतं आणि मधला प्रवास बसमध्ये. गिटारची तार तुटली तर पाच मिनिटांत दुसरी लावता येते. गळ्याला तशी सोय नाही.

आपल्याकडचं उदाहरण

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. भाऊराव कोल्हटकर हा तिचा आवाज. १९०१ साली भाऊराव गेले तेव्हा मंडळीचं आता काय, असं सगळ्यांना वाटलं. १९०५ साली नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आले आणि गर्दी परतली. १९१३ साली तेही गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यानंतर किर्लोस्कर मंडळीत दीनानाथ मंगेशकर गाजले आणि १९१८ साली त्यांनीही स्वतःची बलवंत मंडळी काढली.

मंडळी एक, आवाज तीन. झँड्रियासारखंच. फरक एका ठिकाणी आहे. बालगंधर्व आणि दीनानाथ निघाले ते स्वतःची कंपनी काढायला, स्वतःच्या नावाची पाटी लावायला. झँड्रियाच्या गायिका गेल्या तेव्हा पाटी मागेच राहिली.

गुडविल कुणाचं?

कॉमर्सच्या मुलांना भागीदारीच्या हिशेबात एक गणित हमखास येतं. भागीदार निवृत्त झाला की फर्मच्या गुडविलची किंमत काढायची आणि त्याच्या वाट्याची रक्कम त्याच्या भांडवल खात्यात जमा करायची. कारण गिऱ्हाईक दुकानात येतं ते फक्त मालासाठी नाही. इतक्या वर्षांत कमावलेल्या नावासाठी येतं आणि ते नाव कमावण्यात जाणाऱ्याचाही हात असतो.

बँडमध्ये गुडविलचा मोठा भाग गायिकेच्या गळ्यात असतो. पोस्टरवर मध्यभागी ती असते, मुलाखतीत बोलायला ती असते, लोक गुणगुणतात तो आवाज तिचा असतो. पण गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, गाणाऱ्याचा वेगळा. गीतकार-संगीतकाराच्या नावावर रचना राहते आणि ती पुढे कुणीही गायलं तरी त्याचीच असते. गाणारीच्या वाट्याला तिने गायलेलं ध्वनिमुद्रण येतं, तेही करारात लिहिलं असेल तेवढंच.

आवाजाला पैशात किंमत असते हे आपल्या दादरा-नगर हवेलीइतकं कुणाला माहीत असणार? १९५४ च्या मुक्तिलढ्यासाठी पैसा हवा होता, तेव्हा पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम करून तो उभा केला गेला. सुधीर फडके त्या लढ्यात स्वतः उतरले होते. त्याच लताबाईंनी पुढे १९६० च्या दशकात गाणाऱ्यांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला आणि त्यापायी मोहम्मद रफींशी त्यांचा दुरावाही झाला. आपल्याकडे हा हक्क कायद्यात नीट आला तो २०१२ साली, कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीतून. गायक-गायिकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी 'इस्रा' ही संस्था २०१३ मध्ये स्थापन झाली. 'नेव्हरवर्ल्ड्स एंड' ज्या वर्षी बाजारात आला, त्याच वर्षी भारतात गाणाऱ्याचा हा हक्क कागदावर आला, हा योगायोग.

पुढे काय झालं?

एवढा गाजलेला अल्बम करून मनुएला क्रालर २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये झँड्रियातून बाहेर पडल्या. झँड्रियाबरोबर त्यांचा एवढाच एक अल्बम. त्यांच्या जागी हॉलंडच्या डियान व्हान गियर्सबर्गन आल्या. त्यांचाही गळा शास्त्रीय. त्यांच्यासोबत २०१४ मध्ये 'सॅक्रिफिशियम' आणि २०१७ मध्ये 'थिएटर ऑफ डायमेन्शन्स' असे दोन अल्बम निघाले.

सप्टेंबर २०१७ मध्ये डियान यांनीही बँड सोडला. जाताना त्यांनी जाहीर निवेदन केलं आणि त्यात आपल्या ढासळलेल्या तब्येतीबद्दल आणि बँडमधल्या बिघडलेल्या संबंधांबद्दल लिहिलं. तेव्हा श्रोत्यांमध्ये एक प्रश्न उघडपणे विचारला गेला. एकामागून एक गायिका जातात, तर अडचण प्रत्येक वेळी गायिकेचीच कशी असेल?

त्यानंतर बँड काही वर्षं शांत होता. २०२२ साली आंब्र वूर्व्हाहिस ही नवी गायिका आली आणि होयबाउम सोडून गिटार, बेस, ड्रम सगळीकडे माणसं नवी आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'द वंडर्स स्टिल अवेटिंग' निघाला. आंब्र मऊ गातात, वर चढतात आणि घशातून गुरगुरतातही. एकाच गळ्यात तिन्ही.

म्हणजे आज झँड्रियात सुरुवातीचा माणूस एकच उरला आहे. कायद्याने आणि नावाने बँड तोच. पण २००४ चं, २०१२ चं आणि २०२३ चं गाणं लागोपाठ लावलं, तर न सांगता तिन्ही एका बँडची आहेत हे नवख्या माणसाला ओळखता येणार नाही.

एका नजरेत

बँड : झँड्रिया, बिलेफेल्ड, जर्मनी
संस्थापक : मार्को होयबाउम (गिटार)
गायिका आणि त्यांचे अल्बम :
लिसा मिडेलहाउव्ह : २००३, २००४, २००५, २००७
केर्स्टिन बिशॉफ : पूर्ण अल्बम नाही
मनुएला क्रालर : २०१२
डियान व्हान गियर्सबर्गन : २०१४, २०१७
आंब्र वूर्व्हाहिस : २०२३

ऐकायचं असेल तर

घरातला मुलगा किंवा मुलगी हे संगीत ऐकत असेल, तर एकदा शेजारी बसून 'व्हॅलेंटाइन' ऐका. पहिल्यांदा गिटारच कानावर आदळेल. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त आवाजाच्या मागे जा. तो कुठे श्वास घेतो, कुठे चढतो, ते नाट्यसंगीत ऐकलेल्या कानाला लगेच कळेल. मग तिसऱ्यांदा, पोरांना विचारा की ही गाणारी कोण. बँडचं नाव त्यांना पाठ असेलच. गाणारीचं नाव सांगता आलं नाही तर वर दिलेलंच आहे.

आणि येत्या नवरात्रात मैदानातून निघताना, बॅनरवरचं ते खालचं, बारीक अक्षरातलं नावही वाचून घ्या.